डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस

निखळलेला सांधा बसविणारा हाडवैद्य आमच्या कासारसाईकडील वाचकांस परका नाही. आज ज्यांचे चरित्र आम्ही देत आहो, ते डॉक्टर थॉमस अशाच हाडवैद्यांच्या कुळातले होत. त्यांचा जन्म सन १८३४ त वेल्स देशातील अँगलसी बेटावर झाला. बाप इव्हान थॉमस लिव्हरपूल शहरी नावाजलेला हाडवैद्य होता. परंतु त्याजपाशी पदवी नसल्यामुळे त्याजवर कोर्टात फिर्यादी झाल्या. तेव्हा त्याने आपल्या मुलांस डॉक्टरीच शिकविली! हा त्याचा शहाणपणा आम्हांस फार मोठा वाटतो.

ह्यू १८५७ साली डॉक्टर झाले. इस्पितळात त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. ते घरीच गोदीतील मजूर व खलाशी ह्यांस तपासीत, आणि रविवारी गरिबांस फुकट औषधोपचार करीत.

गुडघ्यास क्षय जडला म्हणजे त्या काळी पुष्कळदा पाय कापून टाकीत. दुखऱ्या सांध्यास पुरी, अखंड व दीर्घ विश्रांती द्यावी, असे थॉमस ह्यांचे मत होते. पण हातावर पोट असलेल्याने महिनेच्या महिने खाटेवर कसे काढावे? ह्यासाठी त्यांनी घरी लोहार व चामड्याचे कारागीर ठेवून एक साधन घडविले. जांघेशी कातड्याने मढविलेले कडे, व त्यापासून पायाच्या दोहों बाजूंनी खाली गेलेले लोखंडी गज. निजलेल्याचा पाय त्यात ताणून बांधीत. चालू लागणाऱ्यासाठी पुढे गजांची टोके बुटाच्या टाचेत बसवू लागले. तोच कॅलिपर होय. त्यामुळे अंगाचा भार गुडघ्यावर न पडता कड्यातून गजांवर, व गजांतून जमिनीवर उतरतो, आणि लुळा गुडघाही वाकून दगा देत नाही.

१८९१ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते वारले. प्रेतयात्रेस गोरगरीब लोटले. मोठ्या वैद्यांनी मात्र त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. पुढे १९१४ च्या महायुद्धात त्यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स ह्याने तेच साधन रणांगणी नेले, आणि मांडीचे हाड मोडलेले असंख्य शिपाई वाचले.

आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी २०११ त आढळला. तथापि पूर्वी पाय गेलेले पुष्कळ बंधुभगिनी कॅलिपरवर चालतात. पुण्यास १९४४ साली जखमी शिपायांसाठी कृत्रिम अंग केंद्र निघाले. मूल वाढते तसा त्याचा कॅलिपर आखूड पडतो, व कडे जांघेत काचू लागते. मग तो खुंटीस टांगला जातो. तसे न करिता तो कारागिराकडे नेऊन नव्या मापाचा करून घ्यावा.