कचरापेटीला ज्यांचे नाव लागले

फ्रान्समध्ये कचरापेटीला पुबेल म्हणतात. हे खरे तर एका अधिकाऱ्याचे आडनाव. युजीन पुबेल यांचा जन्म १८३१ सालचा. आधी कायद्याचे प्राध्यापक, मग सरकारी नोकरी. १८८३ मध्ये ते पॅरिसचे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे अधिकारी झाले.

तेव्हा तिथले लोक घरातला केर सरळ रस्त्यावर ओतायचे. नुसता दम देऊन भागणार नाही, केर टाकायला दारातच सोय पाहिजे, हे पुबेल यांनी ओळखले. ७ मार्च १८८४ च्या हुकुमाने प्रत्येक घरमालकाला भाडेकरूंसाठी झाकणाच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. कुजणारा केर, कागद-चिंध्या आणि काच-खापऱ्या यांना वेगवेगळी पेटी. खर्चामुळे घरमालक चिडले. चिंध्या वेचणाऱ्यांना पोटाची धास्ती पडली. वर्तमानपत्राने थट्टेने पेटीला साहेबांचेच नाव दिले. केर वेगळा करण्याची सवय काही रुजली नाही. पेटी मात्र टिकली.

१८९४ मध्ये घरांचे सांडपाणी गटाराला जोडणेही सक्तीचे झाले. उतारवयात पुबेल यांनी दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्ष बागायतदारांची बाजू मांडली. १९०७ साली ते वारले.

गावकारभाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे: बाजारतळ, एस.टी. थांबा, शाळा इथे आधी पेटी ठेवा, ती वेळच्या वेळी रिकामी करा, मगच दंडाचा फलक लावा. ओला केर वेगळा निघाला तर नाडेप टाकीत टाका. शेताला खत होईल.