दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमा काढायला घेतला, पण तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. तेव्हा सिनेमात काम करणे वाईट समजत. मग त्यांना हॉटेलात काम करणारे साळुंके दिसले. दादासाहेबांनी त्यांनाच तारामती केले! रोहिदास झाला त्यांचा स्वतःचा मुलगा. पत्नी सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करून फिल्मचे कामही करीत. १९१३ साली सिनेमा मुंबईत लागला. पुढे ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! दादासाहेब १९४४ साली नाशिकला वारले.

गॅदरिंगच्या नाटकात मी नुसते माझे दोस्तच घेतले होते. कुणाचंच पाठांतर नव्हतं. लई फजिती झाली. यंदा ज्याला काम जमतं त्यालाच मी घेणार, मग तो कुणी का असेना.