लेव लांडाउ

लेव दाविदोविच लांडाउ (२२ जानेवारी १९०८, बाकू – १ एप्रिल १९६८, मॉस्को) हे सोव्हिएत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. संघनित पदार्थांविषयीच्या, विशेषतः द्रवरूप हेलियमविषयीच्या मूलगामी सिद्धांतांबद्दल त्यांना १९६२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जन्म आणि शिक्षण

लांडाउ यांचा जन्म बाकू (आताचे अझरबैजान) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील खनिज तेल उद्योगात अभियंता, तर आई डॉक्टर होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी बाकू विद्यापीठात प्रवेश घेतला. १९२४ मध्ये ते लेनिनग्राडला गेले व १९२७ मध्ये तेथून पदवीधर झाले. १९२९ ते १९३१ या काळात त्यांनी युरोपातील प्रमुख संशोधन केंद्रांना भेटी दिल्या. कोपनहेगन येथील नील्स बोर यांना ते आयुष्यभर आपले गुरू मानत. धातूंमधील इलेक्ट्रॉनांच्या प्रतिचुंबकत्वाचा सिद्धांत त्यांनी १९३० मध्ये मांडला.

खार्किव

१९३२ पासून लांडाउ खार्किवच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत सैद्धांतिक विभागाचे प्रमुख होते. शिष्य होऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘सैद्धांतिक किमान’ नावाची अत्यंत कठीण परीक्षा ठेवली. १९६१ पर्यंत केवळ ४३ जण ती उत्तीर्ण झाले. येव्गेनी लिफ्शित्स यांच्यासह लिहिण्यास घेतलेली सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ग्रंथमालाही याच काळातली. पुढे दहा खंडांत पूर्ण झालेली ही माला जगभर अभ्यासली जाते. १९३७ मध्ये त्यांनी प्रावस्था संक्रमणाचा सिद्धांत मांडला. पदार्थाची अवस्था बदलताना त्याच्या अंतर्गत रचनेची सममिती कशी बदलते, हे त्यात दाखवले आहे.

अटक आणि सुटका

स्टालिनच्या दमनसत्रात खार्किवच्या संस्थेतील लेव शुब्निकोव्ह यांच्यासह काही शास्त्रज्ञांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी लांडाउ मॉस्कोला प्योत्र कपित्सा यांच्या संस्थेत रुजू झाले होते. तथापि एप्रिल १९३८ मध्ये त्यांनाही अटक झाली. स्टालिनच्या राजवटीची तुलना फॅसिझमशी करणाऱ्या एका पत्रकाशी त्यांचा संबंध होता.

कपित्सा यांनी लगेच स्टालिनला पत्र लिहिले. द्रवरूप हेलियम सुमारे २.१७ केल्व्हिनखाली कोणत्याही घर्षणाविना वाहते, हे त्यांच्या प्रयोगांतून नुकतेच दिसून आले होते. त्याचे स्पष्टीकरण लांडाउच देऊ शकतील, असे त्यांनी पुढे मोलोतोव्ह यांना कळवले. अखेर कपित्सा यांनी स्वतः लेखी हमी दिल्यावर एप्रिल १९३९ मध्ये, वर्षभराच्या कैदेनंतर, लांडाउ यांची सुटका झाली.

अतिप्रवाही हेलियम

दोनच वर्षांत, १९४१ मध्ये, लांडाउ यांनी अतिप्रवाहितेचा सिद्धांत प्रसिद्ध केला. एकेका अणूचा मागोवा घेण्याऐवजी त्यांनी संपूर्ण द्रवातील सामुदायिक हालचालींचा विचार केला. अशा हालचाली निर्माण करण्यास ठरावीक किमान वेग लागतो. त्याहून कमी वेगाने वाहणाऱ्या द्रवाची ऊर्जा खर्च होत नाही, म्हणून घर्षणही होत नाही. अशा द्रवात उष्णता लहरींच्या रूपाने प्रवास करील, हे त्यांचे भाकीत १९४४ मध्ये प्रयोगाने खरे ठरले.

१९५० मध्ये त्यांनी विताली गिन्झबुर्ग यांच्यासह अतिसंवाहकतेचा सिद्धांत मांडला. या परंपरेतील कार्यासाठी गिन्झबुर्ग आणि लांडाउ यांचे शिष्य अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सोव्हिएत अण्वस्त्र प्रकल्पासाठीही लांडाउ यांनी गणिते केली. मात्र १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतर ते या कामातून बाहेर पडले.

अपघात आणि मृत्यू

७ जानेवारी १९६२ रोजी मॉस्कोहून दुब्नाकडे जाताना त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. अनेक आठवडे ते बेशुद्ध होते. त्याच वर्षी जाहीर झालेले नोबेल पारितोषिक त्यांना मॉस्कोतील रुग्णालयातच प्रदान करण्यात आले. जीव वाचला, तरी ते पुन्हा संशोधन करू शकले नाहीत. १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. मॉस्कोतील नोवोदेविची दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.