न फुटलेलं अंडं

अपघातातून कुणी वाचला की आपल्याकडे उत्तर तयार असतं : काळ आला होता पण वेळ आली नव्हती. परभणीहून आमच्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणारी एखादी जीप उलटली आणि माणसं सुखरूप निघाली, तर श्रेय सरळ देवाला. माझी त्याला हरकत नाही. पण ह्यू डीहेवन नावाच्या अमेरिकन माणसाला एवढ्यावर गप्प बसणं जमलं नाही. गाड्यांच्या सुरक्षिततेचं बरंचसं शास्त्र त्यांच्या या हट्टातून सुरू झालं.

त्यांचा जन्म १८९५ चा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ते कॅनडात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. प्रशिक्षण चालू असताना हवेतच दोन विमानांची टक्कर झाली. पाय मोडले, पोटात यकृत आणि स्वादुपिंड फाटलं, तरी ते जगले. सगळे म्हणाले, नशीब! डीहेवन मात्र पडल्या पडल्या जखमांचा हिशोब करत बसले. पोटाला एवढं लागलं कशाने? त्यांच्या मते पट्ट्याच्या बकलने. म्हणजे जीव वाचवायला बांधलेल्या वस्तूनेच घात केला होता.

पुढे ते इन्व्हेन्टर झाले, पैसा मिळवला आणि लवकर निवृत्तही झाले. १९३० च्या दशकात त्यांनी एक मोटार अपघात पाहिला. ड्रायव्हरचं डोकं डॅशबोर्डच्या बटनावर आपटून फाटलं होतं. जुना प्रश्न परत डोक्यात शिरला. मग स्वतःच्या किचनमध्ये रबरी फोमवर वरून अंडी टाकणं सुरू! (आपल्या मेसच्या मावशींनी हे चालू दिलं नसतं.) फोम असला की अंडं फुटत नव्हतं.

त्यातलं गणित आपल्या फर्स्ट इयरचंच आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, की सरासरी अवत्वरण किती जी ते कळतं. (डिसिलरेशनला मराठीत अवत्वरण म्हणतात, हे मला हा लेख लिहिताना कळलं.) १०० फुटांवरून पडून सहा इंचात थांबलं तर २०० जी. हवेचा विरोध सोडला तर ५० फुटांवरून पडणारा माणूस ताशी साधारण ६२ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो. म्हणजे आपल्या वडापच्या जीपचा रोजचा वेग. १९४२ साली त्यांनी ५० ते १५० फुटांवरून पडून जगलेल्या माणसांवर पेपर लिहिला. कोण कशावर पडलं, तिथे किती इंच खळगा पडला, सगळं मोजून. निष्कर्ष असा की जोर शरीरभर पसरला आणि क्षणभरच टिकला, तर माणूस २०० जीच्या आसपासही तगू शकतो. म्हणजे जीव पडण्याने जातो असं नाही, थांबण्याच्या तऱ्हेने जातो.

त्याच वर्षी कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात, यूजीन ड्यूबॉय यांच्या पाठिंब्याने, त्यांचं अपघातातील जखमांवरचं संशोधन सुरू झालं. आधी छोटी विमानं, मग १९५० च्या दशकात इंडियाना राज्याच्या पोलिसांच्या मदतीने मोटारी. पंचनाम्यात चूक कुणाची हे शोधतात. हे लोक शरीर कशावर आपटलं ते लिहून घेत. ते माणसाला पार्सल समजत : खोका फुटायला नको आणि आतला माल सुटा हलायला नको. रॉजर ग्रिसवोल्ड यांच्याबरोबर त्यांनी कमरेचा आणि खांद्याचा एकत्र पट्टा तयार केला. त्याचं पेटंट १९५५ चं. व्होल्वोचा प्रसिद्ध थ्री-पॉइंट बेल्ट आला १९५९ साली. आपण नाव व्होल्वोचंच घेतो, याचं मला जरा वाईट वाटतं.

डीहेवन १९८० साली वारले. आपोआप मदत मागणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिल्या नाहीत. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ई-कॉल सक्तीचा आहे; धडक बसली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते. काही सिस्टिम्स याच्याही पुढे जातात. सेन्सर्सवरून धडकेत वेग किती बदलला, धक्का कुठल्या बाजूने, बेल्ट होता का, एकाहून जास्त धडका बसल्या का, हे घेऊन गंभीर इजेची शक्यता काढतात. हे आकडे जुळवायला हजारो जुन्या अपघातांच्या नोंदी लागतात. कोण कशाने जखमी झालं, कोण कशामुळे वाचलं, अशा डीहेवननी मागितलेल्याच नोंदी.

महाराष्ट्रात १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे. पण रात्री पोखर्णीच्या रस्त्यावर जीप उलटली, तर अजूनही कुणीतरी थांबून मोबाइल काढावा लागतो आणि किती लागलंय हे त्याने अंधारात बघून सांगावं लागतं. तो घाबरून एवढंच म्हणतो, लई लागलंय, लवकर या.