दीड पेनीचं सूप

महिन्याच्या सुरुवातीला वाण्याची यादी करायला बसलं, की तेच प्रश्न दरवेळी समोर येतात. तूरडाळ किती लिहायची? शेंगदाणे अर्धा किलो पुरतील का? आणि मागच्या महिन्यात एवढं तेल गेलं तरी कुठं? पाककृतींची पुस्तकं या प्रश्नांच्या वाटेला सहसा जात नाहीत. पदार्थ कसा करायचा, एवढंच ती सांगतात. त्याला खर्च किती येईल, तो किती जणांना पुरेल आणि त्याचे जिन्नस कुठल्या दिवसांत घ्यावेत, हे गृहिणीनं आपलं आपण बघायचं. या तिन्ही गोष्टी पदार्थागणिक छापणारं एक जाडजूड पुस्तक १८६१ साली लंडनमध्ये निघालं. त्याची संपादिका होती इझाबेला बीटन.

इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या ‘मिसेस बीटन’ हे नाव घेतलं गेलं ते आजीबाईच्या बटव्यासारखं. लोकांच्या डोळ्यांपुढे असायची ती कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेली, चार सुनांना धाकात ठेवणारी एखादी करारी प्रौढा. प्रत्यक्षात पुस्तक बाहेर पडलं तेव्हा इझाबेला पंचवीस वर्षांची होती, आणि वयाची एकोणतीस वर्षं पुरी होण्याआधीच ती गेली.

तिचा जन्म १४ मार्च १८३६ चा, लंडनचा. वडील कापडाचे व्यापारी. ते लवकर वारले. आईनं १८४३ मध्ये हेन्री डॉर्लिंग नावाच्या विधुराशी लग्न केलं. त्याची चार मुलं, हिची चार आणि पुढं दोघांची मिळून तेरा. एकूण एकवीस! डॉर्लिंग हे एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचे व्यवस्थापक होते. घरात जागा पुरेना, तेव्हा बऱ्याच मुलांची रवानगी आजीसोबत मैदानावरच्या ग्रँडस्टँडमध्ये झाली. शर्यती नसत तेव्हा हजारो प्रेक्षकांसाठी बांधलेली ती अवाढव्य इमारत या चिल्ल्यापिल्ल्यांची. थोरल्या मुलींपैकी एक असल्यानं धाकट्यांचं बघणं ओघानंच इझाबेलाकडं आलं. एकवीस तोंडांच्या घरात पाव किती लागतो आणि उरलेल्याचं काय करायचं, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढं ती जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकायला गेली. पियानो आणि भाषा शिकली. परत आल्यावर एप्समच्या एका बेकरीवाल्याकडं केक करायला शिकू लागली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीनं हे काय आरंभलंय, असं घरच्यांना वाटलं. स्वयंपाकाचं तिचं रीतसर शिक्षण म्हणावं तर एवढंच.

१० जुलै १८५६ ला तिचं लग्न झालं, सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी. माणूस हुशार, उत्साही आणि पैशाच्या बाबतीत बेभरवशाचा. ‘अंकल टॉम्स केबिन’ची इंग्लंडातली आवृत्ती काढून त्यानं नाव कमावलं होतं. मध्यमवर्गीय बायकांसाठी दोन पेन्स किमतीचं एक मासिकही तो चालवत होता. लंडनबाहेर पिनरजवळ दोघांनी घर केलं, आणि १८५७ पासून इझाबेला मासिकात लिहू लागली. सुरुवातीच्या एका केकच्या कृतीत ती अंडी घालायलाच विसरली! पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात तिला पहिला मुलगा झाला आणि ऑगस्टमध्ये तो गेला. लिहिणं तिनं थांबवलं नाही.

मोठं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा ओळखीतल्या एका जाणत्या बाईंनी तिला सल्ला दिला, की स्वयंपाक वर्षानुवर्षांच्या अनुभवानं येतो, तेव्हा नव्या कृती शोधत बसण्यापेक्षा चांगल्या पुस्तकांतल्या निवडून घ्याव्यात. इझाबेलानं तेच केलं. वाचकांनी पाठवलेल्या कृती घेतल्या आणि आधीच्या लेखकांच्या, विशेषतः एलायझा ॲक्टन यांच्या १८४५ च्या पुस्तकातल्या, बिनदिक्कत उचलल्या. यावरून तिला पुष्कळ बोल लावला गेला आणि तो खोटा नाही. ॲक्टनबाई सुगरण होत्या, हाताला चव असलेल्या. इझाबेला तशी नव्हती. मोठी गाजरं दोन-सव्वादोन तास उकळायला सांगणाऱ्या आणि मॅकरोनी दीड-पावणेदोन तास शिजवायला लावणाऱ्या बाईला सुगरण कोण म्हणेल?

पण तिच्याकडं दुसरं काहीतरी होतं. ॲक्टनबाई साहित्याची यादी कृतीच्या शेवटी देत. इझाबेलानं ती सुरुवातीला आणली. मग कृती, मग वेळ, मग सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल आणि कुठल्या मोसमात करावं. एवढ्यानं स्वयंपाकघरात फार मोठा फरक पडतो. आधी खर्च आणि माणसं कळली, की हात आखडता घ्यायचा की सैल सोडायचा, हे बाजारात जाण्यापूर्वीच ठरवता येतं. पगारदार नवऱ्याच्या संसारात नव्यानं आलेली, सासू-आई जवळ नसलेली जी शहरी मुलगी होती, तिला दुसरं काय हवं होतं?

हिशेबाबद्दलही तिचा आग्रह होता. रोज खर्च झालेली रक्कम, कितीही किरकोळ असो, वहीत टिपायची आणि महिन्याच्या शेवटी खाटीक किती, पाववाला किती, अशी खाती पाडून बेरीज मारायची. शिळ्याचं काय करायचं, याच्या तर कृतीच कृती. उरलेल्या मांसाच्या पदार्थांपुढं तिनं तशी वेगळी खूणच छापली. आपल्या फोडणीच्या पोळीची आणि फोडणीच्या भाताची ही इंग्रज भावंडं. त्यांतच एक ‘केजरी’ आहे. उरलेला मासा, चहाच्या पेल्याभर शिजवलेला भात, लोणी, मोहरी आणि दोन अंडी. खर्च, मासा सोडून, पाच पेन्स. नाव आपल्या खिचडीचं, पण मुगाच्या डाळीचा पत्ता नाही! सगळ्यांत स्वस्त मात्र आजाऱ्यासाठी सुचवलेलं टोस्ट सँडविच, म्हणजे पावाच्या दोन कापांत भाजलेला तिसरा काप. २०११ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं हाच पदार्थ देशातलं सर्वांत स्वस्त जेवण म्हणून पुढं आणला. खर्च काढला साडेसात पेन्स.

घरचं जेवण स्वस्त असलं पाहिजे, पण ते बेचव असून चालणार नाही, हे ती जाणून होती. प्रस्तावनेतच तिनं मांडलंय, की क्लबांत आणि खाणावळींत पुरुषांना आता इतकं नीटनेटकं जेवण मिळतं, की घरच्या गृहिणीला त्यांच्याशी सामना करायचाय. वाईट स्वयंपाक आणि अव्यवस्था यांच्याइतकी घरातली दुसरी कुरबूर नाही, असं तिचं मत. सगळा दोष गृहिणीच्याच पदरी का, असं आज विचारावंसं वाटतं. पण ते असो.

हजाराहून अधिक पानांच्या त्या पुस्तकात तिची स्वतःची म्हणता येईल अशी कृती म्हणजे एक सूप. १८५८ च्या हिवाळ्यात ती दर आठवड्याला तांब्याच्या मोठ्या हंड्यात आठ-नऊ गॅलन, म्हणजे चाळीसेक लिटर, सूप करायची आणि गावातल्या डझनभर गरीब कुटुंबांना वाटायची. खाटकाकडचं स्वस्तातलं मांस, हाडं, घरात उरलेलं पाणी-रस्सा, कांदे, गाजरं, सलगम, सेलरीचे एरवी फेकून देतात ते बाहेरचे देठ आणि पाला, जाडाभरडा तांदूळ किंवा बार्ली, थोडी साखर आणि अर्धा पाइंट बिअर. साडेसहा तास मंद शिजवायचं. लिटरहून थोड्या जास्त अशा एका क्वार्टला खर्च दीड पेनी. थंड मांस आणि पावाचा तुकडा खाणाऱ्या त्या घरांना काहीतरी गरम मिळालं आणि ते त्यांना आवडलं, असं ती पुस्तकात लाजत-लाजत नोंदवते. पहिलं मूल जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

आधी दरमहा तीन पेन्सांचे हप्ते आणि मग १८६१ च्या ऑक्टोबरात साडेसात शिलिंगांचा ग्रंथ. पहिल्या वर्षात साठ हजार प्रती खपल्या. पण देशाला हिशेब शिकवणाऱ्या या घराचा स्वतःचा हिशेब जमत नव्हता. १८६२ मध्ये पिनरचं घर सोडून नवरा-बायको खर्च वाचवायला स्ट्रँडवरच्या कचेरीच्या वर राहायला आली. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसरा मुलगाही गेला. तो तीन-साडेतीन वर्षांचा होता. पुढच्या वर्षअखेरीस तिसरा झाला, तो जगला. २९ जानेवारी १८६५ ला चौथा झाला. तोही जगला, पण बाळंतरोगानं ६ फेब्रुवारीला इझाबेला गेली. कळा सुरू होईपर्यंत ती नव्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होती.

१८६६ मध्ये ओव्हरएंड गर्नी ही बडी पेढी बुडाली आणि सॅम्युएल तिच्याबरोबर गाळात गेला. बायकोच्या पुस्तकाचे हक्क वॉर्ड लॉक कंपनीला विकून तो तिथंच पगारावर राबू लागला. १८६८ पर्यंत पुस्तकाच्या वीस लाखांच्या आसपास प्रती गेल्या होत्या. त्याचा फायदा आता दुसऱ्यांचा होता. सॅम्युएल १८७७ मध्ये क्षयानं वारला. नव्या प्रकाशकांनी लेखिका हयात नसल्याचा गवगवा केला नाही. आवृत्तीगणिक पुस्तक फुगत गेलं, आणि वाचकांच्या मनातल्या मिसेस बीटन त्याच्यासोबत म्हाताऱ्या होत गेल्या.

तिचा धाकटा मुलगा मेसन पुढं पत्रकार झाला. १९३२ मध्ये त्यानं आईचं एक छायाचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिलं. ते लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतलं आहे. आपली मिसेस बीटन म्हणजे ही विशी-एकविशीची मुलगी, हे इंग्लंडातल्या गृहिणींनी पाहिलं ते तेव्हा.