खुर्ची सोडली, काम सापडले

ताराबाई मोडकांचा जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. बी.ए. झाल्या, पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या मुख्य झाल्या. मानाची जागा, भरवशाचा पगार. पदरी लहानगी लेक. तरी गिजुभाई बधेकांचे बालशिक्षणाचे काम मनात भरले, नि बाईंनी खुर्ची सोडून भावनगर गाठले.

१९४५ साली त्या बोर्डीला आल्या. १९५७ साली काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. वारल्यांची पोरे गुरांमागे रानात. शाळेत यायची कशी? मग शाळाच कुरणात नेली. साथीला अनुताई वाघ होत्या. बाई १९७३ साली गेल्या.

वाचकहो, पोटाचा उद्योग धरताना आपण पगार पाहतो, मान पाहतो. जीव कुठे रमतो, ते बाईंनी आधी पाहिले.