विश्लेषण : भंगारातून पहिली बंदूक, पुढे १२८ पेटंट... जॉन ब्राऊनिंग रायफल बनवायला कसे शिकले?

रायफल, पिस्तूल, शॉटगन आणि मशीनगन या चारही प्रकारांत ज्यांच्या रचना जगभर वापरल्या गेल्या, ते अमेरिकेचे जॉन मोझेस ब्राऊनिंग (१८५५-१९२६). त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते शिकले वडिलांच्या दुरुस्तीच्या दुकानात, मोडक्या बंदुका खोलून. एका नवशिक्या मुलाचा हा प्रवास कसा झाला आणि तो कुठे जाऊन पोहोचला, ते पाहू या.

सुरुवात कशी झाली?

जॉन यांचे वडील जोनाथन ब्राऊनिंग हे बंदुकांचे कारागीर. मॉर्मन पंथीयांबरोबर ते १८५२ मध्ये युटा प्रांतात आले आणि ऑग्डेन गावात त्यांनी दुकान थाटले. कुटुंब मोठे होते, तीन पत्नी आणि २२ अपत्ये. गावात शिकार, शेती आणि संरक्षण यासाठी बंदूक घरोघरी असे. ती बिघडली की लोक जोनाथन यांच्याकडे येत. जे दुरुस्त होण्यापलीकडे गेलेले असे, ते दुकानाच्या कोपऱ्यातल्या ढिगात पडे. तोच ढीग जॉनचा खेळ आणि तीच त्याची शाळा.

कुटुंबात सांगितली जाणारी आठवण अशी : वडील बाहेर गेलेले असताना दहा वर्षांच्या जॉनने ढिगातली एक जुनी नळी काढली, लाकडाचा ओबडधोबड दस्ता तासला आणि दोन्ही तारेने बांधले. धाकटा भाऊ मॅट मदतीला होता. दोघांनी माळावरचे पक्षी टिपून आणले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी न्याहारीत त्या पक्ष्यांवर ताव मारला, मग बंदूक हातात घेऊन निरखली. ना कौतुक, ना मार. इतक्या मोठ्या मुलाला याहून चांगली बंदूक करता येत नाही का, एवढेच त्यांनी विचारले. जॉनने ती बंदूक पुन्हा सुटी केली.

पहिली खरी रायफल कशी तयार झाली?

पुढची दहा-बारा वर्षे दुरुस्तीत गेली. दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक कंपनीची चूक कळते. कोणता भाग वारंवार तुटतो, कुठे घाण साचते, कोणता स्क्रू अनावश्यक आहे, हे त्याला हाताने समजते. १८७८ मध्ये एका गिऱ्हाईकाची एकबारी रायफल दुकानात आली. तिची रचना जॉन यांना उगाच गुंतागुंतीची वाटली आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. मग स्वतःच चांगली करून दाखव, असे वडिलांनी सुचवले.

तेव्हा जॉन २३ वर्षांचे होते. कागदावर रीतसर आराखडा काढण्याची त्यांची पद्धत नव्हती. कल्पना डोक्यात पक्की करायची, एकेक भाग हाताने घडवायचा, कानशीने घासून बसवायचा, असे त्यांचे काम चाले. त्यांच्या रायफलमध्ये लिव्हर ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरके आणि काडतूस भरायची जागा मोकळी होई. भाग कमी होते आणि बांधणी मजबूत होती. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी तिचे पेटंट मिळाले. जोनाथन मात्र त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते.

विंचेस्टर कंपनी ऑग्डेनला का आली?

भावांनी मिळून छोटा कारखाना काढला. रायफल बनवता येणे वेगळे आणि एकसारख्या शेकडो बनवणे वेगळे, हा धडा त्यांना तिथे मिळाला. त्यांनी सुमारे ६०० रायफली तयार केल्या. त्यातली एक विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती पडली. १८८३ मध्ये कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट लांबचा रेल्वे प्रवास करून ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलरला हक्क विकत घेऊन गेले. उत्पादनाची कटकट कंपनीकडे गेली आणि ब्राऊनिंग नव्या रचनांसाठी मोकळे झाले. त्यातूनच १८९४ ची प्रसिद्ध लिव्हर रायफल आली. तिच्या ७० लाखांहून अधिक प्रती पुढे बनल्या.

वाकलेल्या गवतातून काय सापडले?

१८८९ मध्ये नेमबाजी चालू असताना गोळी सुटल्यावर नळीपुढचे गवत वाकते, हे ब्राऊनिंग यांच्या लक्षात आले. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूत जोर आहे आणि तो फुकट जातो. त्याच जोराने बंदूक आपोआप पुढची गोळी भरू शकेल का, या प्रश्नातून १८९५ ची वायूवर चालणारी मशीनगन आली.

१९०२ मध्ये स्वयंचलित शॉटगनच्या रॉयल्टीवरून विंचेस्टरशी त्यांचे बिनसले आणि ते बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेले. अमेरिकी लष्कराच्या चाचणीत त्यांच्या पिस्तुलाने ६,००० फैरी न अडता झाडल्या आणि १९११ मध्ये ते लष्कराने स्वीकारले.

या कौशल्याची किंमत कोणी मोजली?

२८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. मारेकऱ्याच्या हातातले एफएन पिस्तूल ब्राऊनिंग यांच्याच रचनेचे होते. त्यातून पहिले महायुद्ध पेटले. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्यांच्या मशीनगनने चाचणीत सलग २०,००० फैरी झाडल्या. रॉयल्टीतून मिळू शकली असती त्याहून कितीतरी कमी रक्कम त्यांनी सरकारकडून मान्य केली. त्यांचा मुलगा व्हॅल सैन्यात होता. वडिलांची स्वयंचलित रायफल घेऊन तो फ्रान्सच्या रणभूमीवर गेला.

न अडकणारी बंदूक ही कारागिराच्या दृष्टीने निर्दोष वस्तू. समोरच्या खंदकातल्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा असतो. ब्राऊनिंग यांच्या आयुष्याकडे पाहताना या दोन्ही बाजू एकत्रच पाहाव्या लागतात.

शेवट आणि भारताशी नाते

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील लिएज येथे, एफएनच्या कारखान्यात काम करत असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी एका नव्या पिस्तुलाचे काम अर्धवट होते. एफएनचे दियुदोने सेव्ह यांनी ते पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर नावाने आले. दुसऱ्या महायुद्धात ते दोन्ही बाजूंच्या सैनिकांकडे होते. जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर एफएनच्या कारखान्यातून ते जर्मन सैन्याला मिळाले, तर दोस्त राष्ट्रांसाठी ते कॅनडात बनू लागले.

भारतीय लष्करातले ९ एमएम १ए पिस्तूल याच हाय-पॉवरवर आधारलेले आहे. कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्यात ते तयार झाले. ऑग्डेनच्या भंगाराच्या ढिगापासून सुरू झालेली ही साखळी अशी भारतापर्यंत पोहोचली.